तापल्या डांबराचा ताळेबंद

दिवाळीच्या आगेमागे पुण्यातल्या रस्त्यांची कामे जोर धरतात. पावसाने उखडलेला थर खरवडला जातो, ताडपत्रीने झाकलेले डंपर वाफाळत येऊन थांबतात, पेव्हर काळा थर पसरत पुढे सरकतो आणि मागून रोलर फिरतो. पेव्हरच्या मागे उभा असलेला पर्यवेक्षक थर्मामीटरची लांब सळई त्या थरात खुपसतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो आणि वहीत टिपतो. व्हीजी-३० प्रतीचे डांबर असेल, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मानकांनुसार माल प्लांटमधून निघताना १५० ते १६५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पसरताना तो १४० अंशांच्या खाली गेलेला चालत नाही आणि ९० अंशांवर येण्याआधी रोलरचे काम उरकावे लागते.

कामाचा दर्जा या आकड्यांवर ठरतो. पण एवढे तापमान गाठायला किती इंधन जळले आणि त्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे लिहायला त्या वहीत सहसा रकाना नसतो. तो असायला हवा आणि तो भरणे मुळीच अवघड नाही.

डांबर तापवायचे कशासाठी, इथून सुरुवात करू. नेहमीच्या तापमानाला डांबर जवळजवळ घट्ट असते. खडीच्या प्रत्येक दाण्यावर त्याचा पातळ लेप बसायचा, तर ते तेलासारखे वाहते झाले पाहिजे. त्यासाठी डांबर तापवतात आणि खडीही तापवतात, कारण गार खडीवर ओतलेले डांबर तिथल्या तिथे आळते. मालात वजनाने डांबर पाच टक्क्यांच्या आसपास असते, बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. म्हणजे एक टन मालात डांबर जेमतेम ५० किलो आणि दगड साडेनऊशे किलो. आपण म्हणताना ‘डांबर तापवतात’ म्हणतो, पण इंधनाचा खरा खर्च दगड तापवण्यावर होतो. पुण्यात हा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. मोशी, वाघोलीकडच्या खाणींतून आणि क्रशरवरून तो येतो. डांबराचे टँकर मुंबईत माहुलला असलेल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून घाट चढून येऊ शकतात. दोन्हींची गाठ पडते ती हॉटमिक्स प्लांटमध्ये. पुणे महापालिकेचा असा प्लांट येरवड्याला आहे, शिवाय शहराभोवती खासगी प्लांट आहेत.

प्लांटचा गाभा म्हणजे एक तिरका, फिरता, लोखंडी ड्रम. त्याच्या एका तोंडाला बर्नर असतो. तो डिझेल, फर्नेस ऑइल किंवा गॅसवर चालतो. खडी ड्रममध्ये उलटीपालटी होत, आचेतून सुकत आणि तापत पुढे जाते. धूर आणि धूळ गाळण्यांतून चिमणीकडे जातात. डांबराच्या टाक्या बाजूला असतात आणि त्या गरम तेलाच्या नळ्यांनी रात्रंदिवस तापत्या ठेवाव्या लागतात. बर्नर, टाक्यांचा हीटर, वीज किंवा जनरेटर, लोडर आणि डंपर ही कार्बनची खरी उगमस्थाने.

इथे एक समज दूर केला पाहिजे. डांबरात वजनाने ऐंशी टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, म्हणून तो सगळाच हवेत जातो असे नाही. डांबर रस्त्यात जळत नाही. त्यातला कार्बन थरातच अडकून राहतो. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, देशांना हिशेबाचे नियम घालून दिले आहेत. त्यातही रस्त्याच्या डांबरातून थेट निघणारे हरितगृह वायू नगण्य धरले आहेत. हिशेब करायचा तो माल तापवायला जळालेल्या इंधनाचा, डांबर तयार करताना झालेल्या उत्सर्जनाचा आणि वाहतुकीचा.

मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली वहीखात्याची. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा आकडा इंधनातल्या कार्बनवरून येतो, त्यामुळे बर्नर नवा असो वा जुना, तो फारसा बदलत नाही. देशाच्या वीजजाळ्यातून एक युनिट वीज घेतली की सुमारे ०.७ किलो. तेव्हा सकाळी प्लांट सुरू करण्यापूर्वी इंधनटाकीत डिपची पट्टी घालून पातळी घ्यायची, संध्याकाळी पुन्हा घ्यायची, आणि दिवसभरात काट्यावरून गेलेल्या मालाच्या पावत्यांची बेरीज करायची. इंधनाला वरच्या गुणांकाने गुणून मालाच्या टनांनी भागले की एका टनाचा कार्बन हाती येतो. वजनकाट्याच्या पावत्या बिलासाठी असतातच, इंधनाची खरेदीही नोंदलेली असते. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायचे, एवढेच काम उरते.

दुसरी रीत चिमणीवर चढून मोजायची. चिमणीला ठरावीक उंचीवर एक झाकणबंद भोक ठेवलेले असते. त्यातून नळी आत घालून वायूचा नमुना ओढतात. विश्लेषक यंत्र त्यातला कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड किती ते सांगते, दुसरी नळी वायूचा वेग मोजते. वेग, चिमणीचे क्षेत्रफळ आणि वायूचे प्रमाण यांवरून तासाला किती किलो बाहेर पडतो ते निघते. ही रीत महागडी, पण ती आणखी एक गोष्ट सांगते. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढलेले दिसले, तर बर्नरमध्ये इंधन अर्धवट जळते आहे, म्हणजे पैसा आणि हवा दोन्ही वाया जाताहेत, हे त्या एका आकड्यावरून कळते.

या मोजणीतून पहिली लक्षणीय गोष्ट पुढे येते ती पाण्याची.

एक टन कोरडी खडी ३० अंशांवरून १६० अंशांवर न्यायला साधारण ११० मेगाज्यूल उष्णता लागते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या आकड्यांवरून हे कोणीही काढू शकेल. आता तीच खडी ओली आहे असे समजा. एक टक्का ओल म्हणजे टनाला दहा लिटर पाणी. ते उकळून त्याची वाफ करायला सुमारे २६ मेगाज्यूल जातात. चार टक्के ओल असेल, तर नुसते पाणी उडवायलाच शंभरावर मेगाज्यूल लागतात, म्हणजे दगड तापवायला लागतात जवळजवळ तेवढेच. ओल्या लाकडावर चूल पेटवणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. एका लिटर डिझेलमधून ३६ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता मिळते. ड्रममधून वाया जाणारी उष्णता धरली, तर चार टक्के ओलीच्या खडीला टनामागे सात लिटरांवर डिझेल लागते आणि सुमारे वीस किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कोरड्या खडीला जवळपास निम्म्यात भागते.

खडीतली ओल मोजण्याची पद्धतही साधी आहे. ढिगाच्या वरून नव्हे, तर आत हात घालून खडी आणि कच घ्यायची आणि तोलायची. मग १०५ ते ११० अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची आणि पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे पाणी. मोठी खडी लवकर निथळते, पण बारीक कच पाणी धरून ठेवते. पुण्यात परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत हात सोडत नाही आणि कामे नेमकी त्यानंतर लगेच सुरू होतात. उघड्यावरच्या ढिगांची ओल तेव्हा सर्वांत जास्त असते. कचाच्या ढिगावर पत्र्याची शेड आणि खाली उतार दिलेला पक्का ओटा केला, की पाणी निथळते आणि बर्नरचा भार हलका होतो.

आता तापमानाकडे वळू. जगभर वॉर्म मिक्स नावाचे तंत्र रुळले आहे. डांबरात विशिष्ट रसायन मिसळून किंवा पाण्याच्या सूक्ष्म फेसाने ते फुलवून कमी तापमानालाही माल मिसळता आणि दाबता येतो. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ साली याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. तापमान ३० अंशांनी उतरवले, तर टनामागे सुमारे २५ मेगाज्यूल वाचतात. मघाचा आकडा आठवा. एक टक्का ओल कमी केली तरी साधारण तेवढेच वाचतात. म्हणजे रसायनाचा खर्च करून जे मिळते, तितकेच शेडखाली कच कोरडा ठेवूनही मिळते. दोन्ही केले तर दुप्पट. मोजमाप नसेल तर हे समोर येत नाही, आणि नवे तंत्र विकत घेणे म्हणजेच पर्यावरणरक्षण अशी समजूत होऊन बसते.

तापमान उतरवण्याचा दुसरा फायदा मात्र शेडने मिळत नाही. तो आहे धुराचा. गरम डांबरातून निळसर धूर निघतो. त्यात नाना प्रकारची सेंद्रिय संयुगे असतात. रस्त्याच्या कामाजवळून नाक दाबून जाणारा माणूस दोन मिनिटांत पुढे निघून जातो, पण फावडे घेऊन त्या थरावर वाकलेले मजूर दिवसभर तोच धूर घेतात. त्यांत बायकाही असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रस्ताकामातल्या डांबराचा आणि त्याच्या धुराचा संपर्क ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातला. हा धूर तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. दहा-बारा अंश उतरवले की तो निम्म्यावर येतो, असा या उद्योगाचा अनुभव आहे.

धुराची मोजणी कार्बनच्या खात्यात बसत नाही, तिला वेगळे खाते लागते. प्रयोगशाळेत डांबराचा नमुना बंद भट्टीत तापवतात, त्यावरून शुद्ध हवा सोडतात आणि बाहेर येणारे वायू विश्लेषक यंत्रातून नेतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्याच्या डांबराचे तापमान ४० वरून ६० अंशांवर गेले, की त्यातून निघणारी संयुगे दुप्पट झाली. ऊन पडल्यावर ती आणखी कितीतरी वाढली. ही संयुगे पुढे हवेत सूक्ष्म कण तयार करतात. पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या दुपारी काळा रस्ता किती तापतो, ते चप्पल तुटलेल्या माणसाला विचारावे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत पुण्याचे नाव आहे आणि हवेचा अभ्यास करणारी पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था याच शहरात आहे. डांबरातून होणाऱ्या या उत्सर्जनाची पुण्याच्या उन्हातली मोजणी करायला याहून योग्य जागा सापडणे कठीण.

कार्बनच्या हिशेबात सगळ्यात वाद होतो तो हद्दीवरून. कारखान्यात डांबर तयार होतानाच बरेच उत्सर्जन झालेले असते. युरोपातल्या डांबर उत्पादकांच्या ‘युरोबिट्युम’ या संघटनेने काही वर्षांपूर्वी काढलेले आकडे टनाला दीडशे ते दोनशे किलोंच्या घरातले होते. खनिज तेलाच्या विहिरीपासून मोजायचे की कारखान्याच्या फाटकापासून, त्यावर ते बदलतात. मालात डांबर पाच टक्के, म्हणून एक टन मालाच्या वाट्याला त्यातले आठ-दहा किलो येतात. माहुलहून पुण्याला येणाऱ्या टँकरचा भार मात्र हलका ठरतो. वीस टनांचा टँकर जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर धावला आणि लिटरला चार किलोमीटर पडले असे धरले, तरी एक टन मालामागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड होतो. कुठे लक्ष घालायचे आणि कुठे वेळ दवडायचा नाही, हे असे आकडे सांगतात.

हद्दीचा प्रश्न किती कळीचा आहे, याचे उदाहरण पुण्यातल्याच एका कंपनीचे आहे. २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळ मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या जैव-डांबराच्या रस्त्याचे उद्घाटन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते झाले. देशातला राष्ट्रीय महामार्गावरचा तो असा पहिला टप्पा. त्यातले तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे, जोडीला दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था. पिकांच्या अवशेषांतून मिळणारे लिग्निन खनिज डांबरात मिसळायचे, साधारण १५ टक्क्यांपर्यंत. जैव-डांबरामुळे हरितगृह वायू किमान ७० टक्क्यांनी घटतात, असे तेव्हा सांगण्यात आले.

हा आकडा वाचताना विचारायचे ते असे, की ७० टक्के कशाचे? एक टन मालात ५० किलो डांबर. त्याच्या १५ टक्के म्हणजे साडेसात किलो लिग्निन. तेवढ्या खनिज डांबराच्या निर्मितीचे उत्सर्जन वाचले, तर टनामागे दीड किलोच्या आसपास फरक पडतो. तो लहान आहे. पण लिग्निनमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि तो झाडाने हवेतून घेतलेला असतो. साडेसात किलोंत साडेचार किलो कार्बन, म्हणजे सोळा किलोंवर कार्बन डायऑक्साइड. तो रस्त्यात दीर्घकाळ राहिला, तर खडी तापवताना निघालेल्या वीस किलोंचा मोठा भाग भरून निघतो. हद्द एका रेषेवर आखली तर फायदा किरकोळ, दुसऱ्या रेषेवर आखली तर भरघोस. लिग्निन वेगळे काढायला आणि सुकवायला लागलेली ऊर्जाही त्यातून वजा करावी लागेल. भारतात वर्षाला ८० लाख टनांहून अधिक डांबर वापरले जाते आणि त्यातले बरेच आयात होते, हे ध्यानात घेता हा प्रयोग मोलाचा आहे. म्हणूनच त्याची मोजणी उघड आणि तपासता येण्याजोगी हवी.

बाकीचे मार्ग माहितीचेच आहेत. किरकोळ दुरुस्तीसाठी पाण्यात मिसळलेले डांबर, म्हणजे इमल्शन, वापरून गार माल करता येतो. त्याला बर्नर लागतच नाही. खरवडून काढलेल्या जुन्या थरात डांबर आणि चांगली खडी दोन्ही असतात. तो माल भरावात न घालता नव्या मिश्रणात काही प्रमाणात परत वापरण्याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये दिले आहेत. प्लांट दिवसातून चारदा बंद-चालू न करता सलग चालवला, तरी इंधन वाचते. गार झालेला ड्रम दर वेळी नव्याने तापवावा लागतो, म्हणून चार टनांच्या तुकड्यातुकड्यांनी काढलेला माल टनामागे अधिक इंधन खातो.

पण या सगळ्यापेक्षा मोठा आकडा एका टनाच्या हिशेबात दिसतच नाही. तो वर्षांच्या हिशेबात दिसतो. त्यासाठी पुण्याला दूर जायला नको.

सत्तरच्या दशकात पावसाने पुण्यातल्या रस्त्यांची चाळण केली होती. मुंबईत इतका पाऊस पडूनही काही रस्ते टिकतात, मग इथे का नाही, हा प्रश्न तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष असलेले तरुण नगरसेवक श्रीकांत शिरोळे यांना पडला. मुंबईतले ते रस्ते करणारी रेकॉन्डो ही दोन पारशी भावांची कंपनी त्यांनी शोधून काढली आणि जंगली महाराज रस्ता तिच्याकडे सोपवला. हॉटमिक्स तंत्राने, सुमारे पंधरा लाख रुपयांत, दहा वर्षांच्या हमीवर १९७६ साली तो रस्ता झाला. हमी संपल्यानंतरही कित्येक पावसाळे त्याला खड्डा पडला नाही, आणि ‘रस्ता असावा तर जंगली महाराजसारखा’ हे पुणेकरांचे मोजमाप होऊन बसले.

त्या काळी कार्बनचा हिशेब कोणाच्या मनातही नव्हता. आज तो मांडून पाहावा. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावर चाळीस मिलिमीटरचा थर द्यायला पावणेसातशे टनांच्या आसपास माल लागतो. टनाला वीस किलो धरले, तर नुसते तापवण्याचे सुमारे साडेतेरा टन कार्बन डायऑक्साइड. तो थर दर तीन वर्षांनी उखडून नवा करावा लागला, तर वर्षाला साडेचार टन पडले. दहा वर्षे टिकला, तर वर्षाला साधारण एक टन आणि तीन-साडेतीनशे किलो. कोणतेही वॉर्म मिक्स, कोणतेही जैव-डांबर एकट्याने तापवण्याचे हे उत्सर्जन तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आणत नाही. टिकाऊपणा आणतो. पाण्याचा निचरा, खालच्या थराची दाबणी, योग्य तापमानाला फिरलेला रोलर आणि रस्ता झाल्यावर लगेच केबलसाठी न केलेली खोदाई, हे कार्बन वाचवण्याचे सर्वांत स्वस्त उपाय आहेत. यामुळेच तापमान उतरवण्याच्या उत्साहात दाबणी कच्ची राहू देणे परवडणारे नाही. टनामागे चार किलो वाचवून रस्ता दोन वर्षे आधी उखडला, तर तो तोट्याचा व्यवहार.

काँक्रीटचा पर्याय पुण्यातल्या अनेक गल्ल्यांनी स्वीकारला आहे. तो जास्त टिकतो, पण एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. तिथेही निवाडा टिकण्याच्या वर्षांवरच होईल.

ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका या देशांत डांबरी मालाच्या प्रत्येक प्रकारासाठी कार्बनचा आकडा जाहीर करण्याची साधने उद्योगानेच तयार केली आहेत. पुण्याला तितके थांबायचे कारण नाही. महापालिकेच्या निविदेत चार रकाने वाढवावेत: दिवसाचे इंधन, दिवसाचा माल, खडीतली ओल आणि दोषदायित्वाच्या, म्हणजे हमीच्या, काळात त्या रस्त्यावर झालेली दुरुस्ती. पहिले तीन प्लांटवर रोज भरता येतात, चौथा प्रभाग कार्यालयाकडे असतोच. कंत्राट देताना दराबरोबर हे आकडे तोलले गेले, तर कच झाकून ठेवणाऱ्या आणि रस्ता टिकवणाऱ्या कंत्राटदाराला त्याचे श्रेय मिळेल.

नागरिकांनीही हा हिशेब मागावा. आपल्या गल्लीत नवा थर पडला की तो किती जाडीचा, कोणत्या तापमानाला पसरला आणि त्याची हमी किती वर्षांची, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. त्यात एक प्रश्न आणखी घालावा: या रस्त्याच्या मालासाठी टनामागे किती इंधन जळाले? उत्तर पहिल्यांदा कदाचित येणार नाही. पण दहा प्रभागांतून तोच प्रश्न गेला, तर प्लांटवर कोणीतरी ती नोंद ठेवू लागेल, आणि मोजणीची सुरुवात तिथूनच होईल.